अंगठ्याकडून मनगटाकडे : फायटिंग गेमसाठी पॅड सोडून स्टिक घ्यावी का?

२०१४च्या जुलैमध्ये लास वेगासला 'एव्हो' ही फायटिंग गेमची मानाची स्पर्धा भरली होती. 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४'च्या अंतिम लढतीत जपानच्या बोनचानसमोर फ्रान्सचा ओलिव्हिए हे बसला. खेळाडूंच्या जगात त्याला 'लफी' म्हणतात. त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचं जुनं पॅड होतं. तेव्हा वरच्या फळीतले बहुतेक खेळाडू आर्केड स्टिक वापरत आणि स्टिकशिवाय गंभीर खेळ होत नाही हा समज सर्वत्र पक्का होता. लफी जिंकला. रोझसारखं फारसं कुणी न निवडणारं पात्र आणि दुकानातून केव्हाच गायब झालेलं पॅड घेऊन त्याने ते विजेतेपद मिळवलं.

त्या दिवशी वाद मिटायला हवा होता, पण तो मिटला नाही. फायटिंग गेम मनावर घेणारा प्रत्येक नवा खेळाडू कधी ना कधी त्याच वळणावर येतो : आता स्टिक घ्यावी का? उत्तरं देणाऱ्यांचे दोन गट ठरलेले आहेत. एक म्हणतो, स्टिक घेतल्याशिवाय खेळ वर जाणार नाही. दुसरा म्हणतो, सवयीचा प्रश्न आहे, काहीही वापरा. पहिलं उत्तर लफीनेच खोटं पाडलं आहे. दुसरं खोटं नसलं तरी फार आळशी आहे. पॅड आणि स्टिक यांत खरा फरक आहे, तो मोजून-मापून सांगता येतो आणि कुणाला कशाचा फायदा होईल हेही बऱ्याच अंशी आधी सांगता येतं. मात्र त्यासाठी हा प्रश्न दोन हातांत वाटून घ्यावा लागतो. माझ्या मते स्टिकचा फायदा मुख्यतः उजव्या हाताला मिळतो आणि तिची किंमत मुख्यतः डावा हात मोजतो. पुढचा सगळा आढावा याच एका विधानाभोवती फिरतो.

आधी स्टिक आली कुठून ते पाहू. १९८७च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'च्या काही यंत्रांवर मोठ्या गाद्या होत्या; जितक्या जोरात मारा, तितका मोठा ठोसा. त्या टिकल्या नाहीत आणि त्यांच्या जागी सहा बटणं आली : ठोशाची तीन, लाथेची तीन, हलकं, मध्यम, जोरदार. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'ने हीच मांडणी जगभर नेली. डाव्या हाताला आठ दिशांचा दांडा, उजव्या हाताला दोन ओळींत सहा बटणं. खाली, तिरकं पुढे, पुढे आणि ठोसा म्हणजे हादोकेन. पुढे, खाली, तिरकं पुढे आणि ठोसा म्हणजे शोर्युकेन. या हालचाली मुळात दांड्यासाठी रचलेल्या आहेत. उभ्या यंत्रासमोर उभं राहून मनगट फिरवणारा माणूस त्या रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पॅडवरच्या अधिक-चिन्हासारख्या दिशाबटणाचा, म्हणजे डी-पॅडचा, वंश वेगळा. निन्तेंदोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ साली 'डाँकी काँग'च्या खिशातल्या 'गेम अँड वॉच'साठी बनवलं. दांडा असता तर तो खेळ मिटून खिशात ठेवता आला नसता. म्हणजे डी-पॅड जन्मलं ते जागा वाचवण्यासाठी. १९९२ साली 'स्ट्रीट फायटर २' घरच्या सुपर निन्तेंदोवर आला, तेव्हा पॅडवर समोर चार आणि खांद्यावर दोन बटणं होती. सहाचा हिशेब जुळला, पण दोन बटणं तर्जनीकडे गेली. सेगाच्या पॅडवर तर तीनच बटणं होती. त्यांना १९९३ साली सहा बटणांचं नवं पॅड काढावं लागलं, आणि त्यामागचं मोठं कारण हाच एक खेळ होता. याच काळात एसएनकेने आपल्या निओ जिओ यंत्राबरोबर घरी भली मोठी स्टिकच दिली, कारण पार्लरमधला खेळ जसाच्या तसा घरी देण्याचं त्यांचं वचन होतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना दांड्याची ती उभी यंत्रं ठाऊक आहेत. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत व्हिडिओ गेम पार्लर होती. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या कॅपकॉमच्या १९९३च्या खेळाला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे आणि त्याच्या शेजारी 'स्ट्रीट फायटर २' किंवा 'किंग ऑफ फायटर्स' असायचा. त्या पिढीचे हात दांड्यावर तयार झाले. नंतरची पिढी मात्र सायबर कॅफेत आणि घरच्या संगणकावर 'टेकन ३' कीबोर्डवर खेळली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो कामी येणार आहे.

आता उजव्या हाताकडे येऊ, कारण स्टिकची बाजू सर्वांत भक्कम आहे ती इथे. पॅडवर समोरची चार बटणं एकटा अंगठा सांभाळतो. तो एका वेळी एका जागी असतो. फार तर शेजारची दोन बटणं एकदम दाबू शकतो. उरलेली दोन्ही तर्जनी आणि मधलं बोट खांद्यावरून दाबतात. म्हणजे हलका ठोसा अंगठ्याने आणि जोरदार ठोसा तर्जनीने. दोन्ही बोटांचा वेग वेगळा, बटणांची खोली वेगळी. खांद्यावरची काही बटणं तर गाडीच्या वेगासाठी बनवलेली, लांब दाबावी लागणारी. स्टिकवर चार बोटं सहा किंवा आठ बटणांवर पसरतात, प्रत्येक बटण सारखं, प्रत्येक दाब सारखा. सान्वा डेन्शी या जपानी कंपनीचं ३० मिलिमीटरचं बटण इतकं हलकं असतं की बोट नुसतं टेकवून ठेवण्याचीसुद्धा सवय करावी लागते.

याचा परिणाम खेळात कुठे दिसतो? दोन-तीन बटणं एकदम दाबण्यात, एका बटणावरून दुसऱ्यावर बोट सरकवण्यात, पेटीवादकासारखी बोटं एकामागोमाग वाजवण्यात. 'स्ट्रीट फायटर ४'मध्ये काही फटके एकमेकांना जोडायला फक्त एका फ्रेमची सवड होती. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. खेळाडूंनी यावर तोड काढली : एका फ्रेमच्या फरकाने दोन बटणं दाबली की खेळ पहिल्या बटणाची नोंद दुसऱ्या फ्रेमलाही पुन्हा घेत असे, आणि फटका जुळण्याची शक्यता वाढत असे. याला 'प्लिंक' म्हणत. स्टिकवर हे दोन बोटांचं सोपं काम. पॅडवर एकाच अंगठ्याने ते साधणं फार कठीण, म्हणून पॅडवाल्यांना बटणांची मांडणी बदलून वाटा शोधाव्या लागत. २००९ ते २०१५ या काळात स्टिकचा एवढा दबदबा होता, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

ही परिस्थिती आता तशी राहिलेली नाही. २०१६च्या 'स्ट्रीट फायटर ५'ने बटण थोडं आधी दाबलं तरी ते धरून ठेवण्याची सूट दिली. एका फ्रेमची ती जीवघेणी जोडणी संपली आणि तिच्याबरोबर प्लिंकही संपलं. २ जून २०२३ रोजी आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तर 'मॉडर्न' नावाची पद्धत आहे. तिच्यात हादोकेनसाठी दिशा आणि एक बटण पुरतं, फटक्यांची बटणंही कमी आहेत आणि ती पॅडवर छान बसते. शिवाय एकदम दाबायची बटणांची जोडी आता पॅडच्या एका बटणावर बसवता येते. उजव्या हाताचा फायदा आजही आहे, पण दहा वर्षांपूर्वी होता तेवढा नाही. जुन्या काळात शिकलेले खेळाडू नव्यांना सल्ला देताना हा बदल बहुधा हिशेबात घेत नाहीत.

डाव्या हाताची गोष्ट उलटी आहे. डी-पॅडवर अंगठ्याला जेमतेम काही मिलिमीटर हलावं लागतं. दांड्याचा गोळा त्याच्या कित्येक पट अंतर कापतो. नुसतं अंतर असतं तर मनगटाने ते भरून काढलं असतं. खरी अडचण मध्यावर परत येण्याची असते. डी-पॅडवर अंगठा उचलला की दिशा संपली. दांडा स्प्रिंगच्या जोराने मध्याला परततो, आणि हात त्याच्याबरोबर परतला नाही तर दिशा चालूच राहते. दोनदा पुढे दाबून झेप घ्यायची असेल तर दोन दाबांमध्ये दांडा खरोखर मध्याला यावा लागतो. स्टिक नवी घेतलेल्याला हे आठवडाभरात कळतं : हादोकेन येतो, पण झेप येत नाही. लोक अवघड मानतात ते वर्तुळ आधी जमतं आणि सोपी मानलेली सरळ हालचाल रखडते.

दुसरी अडचण चौकटीची. दांड्याच्या तळाशी एक प्लास्टिकची चौकट असते, तिला 'गेट' म्हणतात. सान्वाच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या जेएलएफ दांड्यात ती चौकोनी येते. चौकोनाचे कोपरे म्हणजे चार तिरक्या दिशा, कडांचे मध्य म्हणजे सरळ दिशा. नवा माणूस दांडा कडेला घासत फिरवतो, प्रत्येक कोपऱ्यात अडकतो आणि गेट खराब आहे असं ठरवून अष्टकोनी गेट मागवतो. यात गल्लत आहे. दिशा नोंदली जाते ती दांडा कडेला टेकण्याच्या बरीच आधी, आतले सूक्ष्म स्विच दबतात त्या क्षणी. कडेपर्यंत जाणंच मुळात जास्तीचं आहे. हात हलका झाला की कड लागतच नाही आणि गेटचा आकार विसरायला होतो. गाईलसारख्या पात्रासाठी दांडा मागे-खाली दाबून धरावा लागतो, तिथे चौकोनाचा कोपरा उलट आधार देतो. चौकोनी गेट निदान काही महिने तरी बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुष्कळ चुका तर स्टिकच्या नसतातच, पण नावं तिला ठेवली जातात. पुढे चालता चालता हादोकेन मारायला जावं आणि शोर्युकेन निघावा, हा अनुभव सर्वांचा. कारण खेळाच्या दृष्टीने पुढे, खाली, तिरकं पुढे ही नोंद त्यात आपोआप होते. पॅडवरही हेच होतं. उपाय एकच : चालणं क्षणभर थांबवून मग हालचाल करणं. सराव-कक्षात दिशांची नोंद पडद्यावर दाखवण्याची सोय प्रत्येक आधुनिक खेळात असते. ती चालू ठेवून पाहिलं तर दोष हाताचा, सवयीचा की यंत्राचा, हे लगेच दिसतं. खेळाडू डावीकडे असताना येणारी हालचाल उजवीकडे आल्यावर बिघडते, हेही त्या नोंदीत स्वच्छ दिसतं. मनगट आत वळण्याइतकं सहज बाहेर वळत नाही.

दांडा धरायचा कसा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कुणी गोळा वरून तळहातात घेतात, कुणी दांडी मधल्या बोटांमध्ये घेऊन पेला धरावा तसा खालून धरतात. दोन्ही पद्धतींनी विजेतेपदं मिळाली आहेत. घट्ट पकड मात्र दोन्हींत घातकच.

'दांडा' हा शब्द मी आतापर्यंत एकाच वस्तूसाठी वापरल्यासारखा वापरला, पण जगात दांड्यांची निदान तीन घराणी आहेत आणि खेळाडूने ती ओळखायला हवीत. जपानी दांड्याला गोल बोंड असतं, स्प्रिंग हलकी असते आणि स्विचचा कटकट आवाज येतो. सान्वाचा जेएलएफ ढिला आणि क्षमाशील आहे, तर सेइमित्सूचे दांडे त्यापेक्षा आखूड हालचालीचे आणि घट्ट. होरी कंपनीने 'हायाबुसा' हा स्वतःचा दांडा काढला आहे. अमेरिकी यंत्रांवर हॅप कंपनीचे, बॅटच्या मुठीसारख्या बोंडाचे जड दांडे असत. ती पद्धत आज मागे पडली आहे.

तिसरं घराणं कोरियाचं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत रंजक तेच. कोरियन दांड्यात स्प्रिंगऐवजी रबराचं जाड कडं असतं. दांडा उंच असतो, बोंड लांबट आणि गेट गोल. रबर दांड्याला झटक्याने मध्याला ओढतं. हे कडं कोरियात रुजलं आणि टेकनही तिथेच एवढा खोल रुजला, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी मानतो. टेकनमध्ये मागे सरकत राहण्याची 'कोरियन बॅकडॅश' नावाची हालचाल आहे : मागे, मागे, तिरकं खाली-मागे, पुन्हा मागे, अशी अखंड साखळी. यात मध्याला परतण्याचा वेग सर्वांत महत्त्वाचा. मिशिमा घराण्याच्या पात्रांचा 'इलेक्ट्रिक' ठोसाही तसाच. पुढे, मग दांडा सोडून मध्य, खाली, आणि तिरकं पुढे दाबण्याच्या त्याच फ्रेमला बटण. बे जे-मिन, म्हणजे 'नी', या कोरियन खेळाडूचा खेळ पाहिला की त्याचा डावा हात जवळजवळ हललेला दिसत नाही, पण पडद्यावरचं पात्र पाण्यासारखं सरकतं. टेकनसाठी स्टिक घेणाऱ्याने सरधोपट सान्वा घेण्याआधी कोरियन दांडा एकदा हाताळून पाहावा. उलट, पॅडवर अंगठा उचलला की मध्य आयताच मिळतो, म्हणून टेकनमध्ये पॅडवाले कधीच दुबळे नव्हते.

खेळानुसार उत्तर बदलतं, ते असं. सहा बटणांच्या खेळात उजवा हात स्टिक मागतो. चार बटणांच्या टेकनमध्ये ही मागणी कमी होते. 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या हालचाली वर्तुळाऐवजी तुटक टकटकीच्या असतात आणि बचावाला वेगळं बटण असतं. तिथे डी-पॅड उत्तम चालतं आणि त्या खेळातले कित्येक मोठे खेळाडू पॅडवरचेच आहेत. 'स्मॅश ब्रदर्स'ला तर हलक्या-भारी झुकावाची अॅनालॉग काठी लागते, तिथे आर्केड स्टिकचा विचारच करू नये. झांगिफसारखं पूर्ण फेरा मागणारं पात्र, किंवा 'थर्ड स्ट्राइक'सारखा जुना खेळ ज्यांच्या जिवाभावाचा आहे, त्यांना दांड्याची गोडी वेगळीच लागते. २००४च्या एव्होमध्ये याच खेळात दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-लीचा १५ लाथांचा सुपर फटका, जवळजवळ शून्य जीव शिल्लक असताना, दांडा पुढे टिचकत एकेक करून परतवला. तेव्हाचा सभागृहातला गलका आजही लोक ऐकतात. योगायोग असा की एव्होने पार्लरची यंत्रं बाजूला ठेवून सगळे खेळ घरच्या कन्सोलवर घेण्याचं तेच पहिलं वर्ष होतं. यंत्रं गेली, म्हणून स्वतःची स्टिक घेऊन येणं आलं.

विकत घेता येणाऱ्या स्टिकचा बाजारही त्यानंतर उभा राहिला. २००९ साली 'स्ट्रीट फायटर ४'बरोबर मॅड कॅट्झने १५० डॉलरची 'टूर्नामेंट एडिशन' काढली, कारखान्यातूनच सान्वाचे भाग बसवलेली. त्याआधी असे भाग हवे तर जपानहून मागवायचे किंवा स्वतः डबा ठोकायचा. त्या स्टिकने एक अख्खी पिढी पॅडवरून हलवली. ही कंपनी २०१७ साली बुडाली, पण होरी, क्वान्बा, रेझर, व्हिक्ट्रिक्स यांनी जागा भरून काढली. २०२५ साली सोनीनेही स्वतःची स्टिक जाहीर केली, चौकोनी, गोल आणि अष्टकोनी असे तिन्ही गेट बदलता येणारी.

एवढ्यावर आढावा संपला असता, पण मधल्या काळात तिसरा भिडू आला आणि त्याने प्रश्नाची मांडणीच बदलली : दांडाच नसलेला, नुसत्या बटणांचा डबा. 'हिट बॉक्स' या कंपनीने तो रुजवला. उजवीकडे स्टिकसारखीच बटणं. डावीकडे मागे, खाली, पुढे यांना तीन बोटं आणि उडी मारायला अंगठ्याखाली एक मोठं बटण. आधीच्या विधानाशी हे ताडून पाहा. उजव्या हाताचा सगळा फायदा इथे जसाच्या तसा आहे आणि डावा हात मोजत होता ती किंमत काढून टाकली आहे. मध्याला परतायचं म्हणजे फक्त बोट उचलायचं. दांड्याचं अंतर नाही, गेट नाही, रबर नाही.

साहजिकच वरची फळी तिकडे सरकली. दाइगो उमेहारा म्हणजे दांड्याचा चेहरा, पण 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तोही बटणांवर खेळू लागला. 'एव्हो २०१७' स्टिकवर जिंकणारा तोकिदोही पुढे त्याच वाटेने गेला. बटणांच्या डब्याने एक नवा पेचही आणला. दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे झुकू शकत नाही. दोन बटणं मात्र एकदम दाबता येतात. मग खेळाने काय समजायचं? चतुराईने बांधलेल्या डब्यात यातून अशक्य वाटणाऱ्या हालचाली निघत. २०१९ साली दाइगोचा असाच एक खास बनवलेला डबा कॅपकॉमच्या स्पर्धांत नाकारला गेला, आणि २०२३च्या कॅपकॉम प्रो टूरसाठी नियम आला की विरुद्ध दिशा एकदम दाबल्या तर दोन्ही रद्द धराव्यात. हा निर्णय योग्यच होता. हत्यार प्रत्येकाने आपल्या पसंतीचं घ्यावं, पण एका हत्याराला दुसऱ्यावर न जमणारी चाल करू देणं हा खेळावर अन्याय होता.

सायबर कॅफेत कीबोर्डवर 'टेकन ३' खेळलेल्या मराठी मुलांचा उल्लेख मी मघाशी केला, तो यासाठी. त्यांची डावी बोटं दिशांसाठी स्वतंत्रपणे हलायला आधीच शिकलेली आहेत. अशा माणसाला दांडा परका वाटेल आणि बटणांचा डबा चार दिवसांत आपला वाटेल. पार्लरमध्ये मुस्तफा खेळून वाढलेल्याचं नेमकं उलट. म्हणून 'पॅडवरून कुठे जावं' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लहानपणी कशावर खेळलात यावरही अवलंबून आहे.

शरीराचा मुद्दा बहुतेक चर्चांत शेवटी, जाता जाता येतो. मी त्याला सर्वांत वर ठेवीन. डी-पॅडवर तासन्‌तास वर्तुळं काढून डाव्या अंगठ्याला फोड येतो, हे प्रत्येक जुन्या पॅडवाल्याला माहीत आहे. फोड बरा होतो. अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात भरणारी कळ इतकी सहज जात नाही. पॅडवर दोन अंगठे जवळजवळ सगळं काम करतात. स्टिकवर ते काम बोटं, मनगट आणि कोपर यांत वाटलं जातं. ज्याचा अंगठा दुखतो त्याच्यासाठी स्टिककडे जाण्याचं याहून मोठं कारण नाही, आणि ते खेळातल्या क्रमवारीशी अजिबात जोडलेलं नाही. मात्र स्टिकही निर्धोक नाही. डबा मांडीवर उंच ठेवला, खांदे वर चढले, दांडा आवळून धरला तर मनगट आणि कोपर दुखणारच. या खेळात आयुष्य मोठं असतं. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर ५'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. तिथवर हात टिकवायचा असेल तर दुखणं सहन करण्यात शौर्य मानू नये. कळ आठवडाभर टिकली तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावं.

खर्चाचं आपल्याकडचं गणित सरळ आहे आणि थोडं दुखरंही. पॅड कन्सोलबरोबर मिळतं. स्टिक बहुधा परदेशातून येते, दोन-तीन किलोची असते, त्यामुळे वाहतूक आणि कर मिळून ती मूळ किमतीपेक्षा बरीच महाग पडते. शहरातल्या दुकानात ती हातात घेऊन पाहायला मिळणं दुर्मीळ. म्हणून पहिलीच खरेदी महागड्या नावाची करू नये. मेफ्लॅश एफ३००सारखा स्वस्त डबा घ्यावा. त्याचे मूळ भाग सुमार असतात, पण ते काढून सान्वाचे बसवता येतात. बटणं खाचेत दाबून बसतात, प्रत्येकाला दोनच तारा असतात, दांड्याला पाच तारांचा एक जोड. डाग द्यायचीही गरज पडत नाही. पॅडचं डी-पॅड घासलं की पॅड टाकून द्यावं लागतं. स्टिकचं बटण गेलं तर तेवढंच बदलायचं. दहा वर्षं चाललेल्या स्टिक मी पाहिल्या आहेत, फक्त त्यांतले भाग दोनदा-तीनदा बदललेले.

बटणांचा डबा तर घरीच बनवता येतो. २०२१च्या जानेवारीत रास्पबेरी पाय पिको ही चार डॉलरची पाटी आली आणि तिच्यावर चालणारी जीपी२०४०-सीई ही मोफत, खुली प्रणाली खेळाडूंनीच तयार केली. प्लायवूडचा किंवा थ्री-डी छपाईचा डबा, डझनभर बटणं, ही एक पाटी, एवढ्यात संगणकावर खेळण्याजोगा उत्तम डबा होतो. अभियांत्रिकीच्या आपल्या विद्यार्थ्यांना हे एका सुट्टीचं काम आहे. कन्सोलवाल्यांनी मात्र खरेदीआधी एक गोष्ट नक्की तपासावी : कन्सोल बाहेरच्या डब्याची ओळख पटवून मागतो. 'स्ट्रीट फायटर ६'सारखे काही खेळ प्लेस्टेशन ५वर जुन्या पीएस४ स्टिक चालू देतात, सगळेच देत नाहीत.

समजा ठरलं आणि स्टिक घरी आली. मग पुढचे काही आठवडे हरण्याचे आहेत हे धरून चालावं. डोक्याला खेळ येत असतो आणि हाताला येत नसतो, ही अवस्था फार जाचक असते. बहुतेक लोक इथेच पॅडकडे परततात, मग पुन्हा स्टिककडे, मग पुन्हा पॅडकडे. दोन्हीकडचं शिकणं अर्धवट राहतं. क्रमवारीच्या सामन्यांपासून या काळात दूर राहावं. पहिले काही दिवस फटके जोडण्याचा सराव पूर्ण बाजूला ठेवून फक्त हालचाल करावी : चालणं, थांबणं, झेप, मागची झेप, उडी, बसून बचाव. दोन्ही बाजूंनी. हे कंटाळवाणं वाटतं, पण खेळात सर्वांत जास्त वेळा हेच करावं लागतं आणि दांड्यावर सर्वांत उशिरा हेच जमतं. त्यानंतर एकच साधं पात्र, ऱ्यूसारखं, आणि एकच विशेष फटका. आणि स्टिक रोज एकाच उंचीवर, एकाच जागी ठेवावी. हाताची आठवण जागेशी बांधलेली असते.

माझा निर्णय सांगतो. फक्त जास्त सामने जिंकण्यासाठी पॅड सोडू नये. ती आशा आजच्या खेळांत पुरी होत नाही. अंगठा दुखत असेल, किंवा सहा बटणांचा खेळ मनापासून खेळायचा असेल आणि उजव्या हाताची अडचण रोज जाणवत असेल, तर पॅड जरूर सोडावं, पण आधी बटणांचा डबा हाताळून पाहावा. दांडा निवडावा तो दांडाच आवडतो म्हणून. मनगटाच्या एका वळणात शोर्युकेन निघण्याचा आनंद खरा आहे आणि खेळासाठी तेवढं कारण मला पूर्ण पुरेसं वाटतं. मिशिमा खेळणाऱ्याने कोरियन दांडा घ्यावा, मॉर्टल कॉम्बॅटवाल्याने आपलं पॅड खुशाल ठेवावं.

आणि एक विनंती अनुभवी खेळाडूंना. तुमच्यापैकी अनेकांनी बटणांचा डबा घेतला आहे आणि जुनी स्टिक कपाटावर पडून आहे. ती विकण्याआधी तुमच्या गावातल्या एखाद्या पॅडवाल्या मुलाला किंवा मुलीला महिनाभर वापरायला द्या. परदेशातून मागवलेली महाग वस्तू न पाहता घेण्यापेक्षा महिनाभराच्या उसनवारीत त्यांना आपल्या हाताचं उत्तर मिळेल.